सरकारच्या सोयीखातर

अमेरिकेच्या माजी सैनिक कल्याण खात्याकडे हजारो कंत्राटे आहेत. २०२५च्या सुरुवातीला यांपैकी कोणती रद्द करता येतील हे शोधण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक साधन कामाला लावले गेले. जूनमध्ये ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने त्या साधनाचा कोड मिळवून त्याची चिरफाड केली. ते प्रत्येक कंत्राटाची पहिली दहा हजार अक्षरेच वाचत होते, म्हणजे अडीच हजार शब्दांच्या आसपास. तेवढ्या वाचनावर ते कंत्राटाला ‘गिळण्याजोगे’, म्हणजे रद्द करता येण्याजोगे, असा शेरा देई. काही कंत्राटांची किंमत त्याने तीन कोटी ४० लाख डॉलर काढली होती. त्यांतल्या एखाद्याची खरी किंमत ३५ हजार डॉलर निघाली. अंतिम निर्णय माणसेच घेतात, असे खात्याने सांगितले. घेतही असतील. पण त्या वर्षी सरकारी कंत्राटांवरच्या ज्या लोकांना नारळ मिळाला, त्यांच्याबद्दल निर्णय घेणाऱ्याने त्यांची नावे कधी ऐकलीही नव्हती. याला कोणा एकाचा निष्काळजीपणा जबाबदार नाही. ती व्यवस्था मुळात तशीच बांधलेली आहे.

‘कंत्राटी’ म्हटले की आपल्याकडे तुटपुंज्या मानधनावरचा, कायम होण्यासाठी आझाद मैदानावर उपोषणाला बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कंत्राटी कर्मचारी वेगळा. तो एका खाजगी कंपनीचा रीतसर, पूर्णवेळ नोकर असतो, विमा-निवृत्तिनिधीसकट, आणि त्याच टेबलावरच्या सरकारी कारकुनापेक्षा पुष्कळदा जास्त पगार घेतो. करतो मात्र सरकारचे काम. करखात्याची संगणक प्रणाली सांभाळणे, शाळांच्या परीक्षांची आकडेवारी तपासणे, आरोग्य योजनेच्या मदतकेंद्रावर फोन घेणे, दूरच्या देशातल्या लसीकरणाचे हिशेब ठेवणे, असे काहीही. अशी माणसे किती, याची एकत्रित नोंदवही नाही. प्रशासनाचे अभ्यासक पॉल लाइट यांनी वर्षानुवर्षे याचे अंदाज बांधले. २०२०च्या सुमाराचा त्यांचा अंदाज ५० लाखांच्या घरातला होता. टपाल आणि सैन्य सोडले तर सरकारी नोकर वीस-बावीस लाख. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या सरकारच्या दुपटीहून मोठे सरकार पडद्यामागे आहे.

हे आपोआप घडले नाही. जे खाजगी बाजारात विकत मिळते ते सरकारने स्वतः करू नये, असे धोरण आयसेनहॉवर यांच्या काळात, १९५५ साली, लेखी आले. पुढे बऱ्याच अध्यक्षांना ‘मी सरकार लहान केले’ असे सांगायचे होते. क्लिंटन यांच्या कारकिर्दीत १९९४च्या कायद्याने २,७२,९०० सरकारी पदे कमी करण्याचे ठरले. पदे गेली, पण कामे कुठे जाणार? ती कंत्राटात गेली. मतदाराला दाखवायचा आकडा लहान झाला आणि खर्चाचा मोठा होत राहिला. अलीकडच्या वर्षांत केंद्र सरकार कंत्राटांवर वर्षाला ७५० अब्ज डॉलरच्या आसपास खर्च करते.

या नोकरीचा कणा म्हणजे तास. खाते एका बड्या कंपनीला काम देते. ती त्यातला काही भाग पोटकंत्राटदाराला देते आणि तो कधीकधी आणखी खाली. तळाशी बसलेली व्यक्ती रोज संध्याकाळी आपल्या कामाचे तास एका सांकेतिक क्रमांकावर नोंदवते. तो क्रमांक त्या कंत्राटाचा असतो. तो चालू आहे तोवर त्या व्यक्तीच्या प्रत्येक तासाचे बिल सरकारला जाते आणि ती कंपनीसाठी कमाई असते. क्रमांक बंद झाला की त्याच घटकेला तीच व्यक्ती कंपनीचा खर्च होते. दुसऱ्या कंत्राटात जागा मिळेपर्यंत तिला काही दिवस ‘बेंच’वर ठेवतात, आधी साठलेली रजा वापरायला सांगतात, मग बिनपगारी घरी बसवतात, आणि शेवटी हिशेब चुकता करतात. हिंजवडीत नोकरी केलेल्यांना बेंच ठाऊक आहे. पण पुण्यातल्या मोठ्या कंपनीचा बेंच काही महिन्यांचा असू शकतो. सरकारी कंत्राटांतल्या कंपन्यांचा नफा मुळात बेताचा आणि हिशेब तपासणीखालचा, त्यामुळे त्यांचा बेंच आखूड असतो.

याहून चमत्कारिक आहे तो खात्याशी असलेला संबंध. सरकारी खरेदीच्या नियमांनुसार, विशेष परवानगी नसेल तर, सरकारी अधिकाऱ्याने कंत्राटी माणसावर आपल्या हाताखालच्या नोकरासारखा थेट अंमल चालवायचा नाही. चालवला तर ते कंत्राट न राहता मागच्या दाराने केलेली भरती ठरते. म्हणून कंत्राटी माणसाच्या ईमेल पत्त्यात तो कंत्राटी असल्याची खूण असते आणि ओळखपत्रावरही असते. खात्यातल्या निरोप समारंभाचा केक खायला तो गेला तर तो वेळ त्याने कामाच्या तासांत धरायचा नाही. चार-पाच वर्षे रोज सकाळी एकाच बैठकीत भेटणाऱ्या अधिकाऱ्याला, ‘ही बाई गेली तर आमचे काम अडेल, तिला ठेवा,’ असे म्हणण्याचा अधिकार नसतो. माणूस ठेवणे-काढणे कंपनीचे काम आणि कंत्राट ठेवणे-काढणे सरकारचे. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात, आणि कायद्याने दोघांचेही बरोबर असते.

आता ज्या कलमामुळे हे सगळे एका दिवसात कोसळू शकते, त्याकडे येऊ. जवळपास प्रत्येक केंद्रीय कंत्राटात एक कलम असते, ‘सरकारच्या सोयीखातर समाप्ती’. कंत्राटदाराची काही चूक असावी लागत नाही. काम उत्तम चालले असेल, मुदत संपायला तीन वर्षे असतील, तरी सरकार पत्र पाठवून ते थांबवू शकते. खाजगी व्यवहारात असे केले तर समोरचा करारभंगाचा दावा ठोकून बुडालेला नफा मागेल. इथे तो मागता येत नाही. झालेल्या कामाचे पैसे, त्यावर वाजवी नफा आणि आवराआवरीचा खर्च, एवढेच मिळते.

या कलमाचे मूळ युद्धात आहे. अमेरिकी यादवी युद्धात नौदलाने जहाजांच्या यंत्रसामग्रीची मोठी कंत्राटे दिली होती. युद्ध संपले आणि यंत्रे नकोशी झाली. ऱ्होड आयलंडच्या कॉर्लिस स्टीम इंजिन कंपनीशी नौदलाने तडजोड करून अर्धवट काम थांबवले. त्या तडजोडीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १८७६ साली न्यायालयाने म्हटले की नको झालेले काम थांबवून हिशेब मिटवण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याला असायलाच हवा. त्यात शहाणपण होते. शत्रूने हत्यार खाली ठेवल्यावरही तोफा ओतत राहायचे, हा करदात्याचा छळ झाला असता. दोन्ही महायुद्धांनंतर हजारो कंत्राटे अशीच आवरावी लागली. १९४४ साली तर युद्ध संपण्याआधीच त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. पुढे हे युद्धकाळातले कलम शांततेच्या कंत्राटांतही येऊन बसले, आणि पक्के बसले. लुइझियानातल्या फोर्ट पोक या लष्करी तळावर घरे बांधण्याचे मोठे कंत्राट लष्कराने तळच बंद करायचे ठरवून रद्द केले. त्या कंत्राटात हे कलम घालायचे राहून गेले होते. बांधकाम कंपनीला वाटले, आता बुडालेला नफा मिळेल. १९६३ साली न्यायालयाने सांगितले की नियमांनुसार हे कलम असायलाच हवे होते, सबब ते लिहिलेले नसले तरी लिहिलेले आहे असे समजावे. न लिहिलेले कलमही लागू होते, यापेक्षा भक्कम बैठक कोणत्या कलमाला मिळाली असेल?

पण या सगळ्या इतिहासात हिशेब मिटतो तो सरकार आणि कंपनी यांच्यात. कंपनीला आपला दावा मांडायला वर्षभराची मुदत असते. वकील, लेखापाल, जागेचे राहिलेले भाडे, सगळे त्यात मांडता येते. तळाच्या माणसाचे नाव त्या हिशेबात असेलच तर एका खर्चाच्या ओळीत. त्याला काढताना काय द्यायचे हे कंपनीच्या मर्जीवर. केंद्रीय कायद्यात खाजगी नोकराला निरोपाची रक्कम देण्याची सक्ती नाही.

२०२५मध्ये हे कलम घाऊक वापरले गेले. २० जानेवारीला ट्रम्प यांनी परदेशी मदत रोखली. चार-पाच दिवसांत काम थांबवण्याची पत्रे निघाली. १० मार्चला परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी यूएसएड या परदेशी मदत देणाऱ्या संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम, सुमारे ५,२०० कंत्राटे, रद्द झाल्याचे जाहीर केले. झालेल्या कामाचे सुमारे दोन अब्ज डॉलरही अडले होते. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि ५ मार्चला पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने सरकारची बाजू फेटाळली. फेब्रुवारीत शिक्षण खात्याच्या संशोधन शाखेतली ८९ कंत्राटे एका झटक्यात गेली. देशभरच्या विद्यार्थ्यांची आकडेवारी गोळा करणारे संख्याशास्त्रज्ञ त्या कंत्राटांवर होते. माजी सैनिक खात्याने आधी ८७५ कंत्राटे रद्द केल्याचे सांगितले, ओरड झाल्यावर एका दिवसात थांबवले, आणि पुढच्या आठवड्यात ५८५ चा आकडा दिला. २६ फेब्रुवारीच्या आदेशाने सगळ्याच खात्यांना कंत्राटे तपासायला लावले. डेलॉइट, ॲक्सेंचर, बूझ ॲलन हॅमिल्टन यांसारख्या दहा सल्लागार कंपन्यांची कंत्राटे खास रडारवर आली. बूझ ॲलनचे जवळपास सगळे उत्पन्न अमेरिकी सरकारकडून येते. मे महिन्यात तिने सुमारे २,५०० जागा, म्हणजे सात टक्के मनुष्यबळ, कमी करत असल्याचे सांगितले.

उद्योगपती इलॉन मस्क यांच्या ‘डोज’ या सरकारी खर्चकपातीच्या मोहिमेने वाचवल्याचे सांगितलेले आकडे मात्र सावधपणे वाचायला हवेत. कंत्राटाला एक कमाल मर्यादा असते आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून पुष्कळ कमी होऊ शकतो. मर्यादेचा आकडा बचत म्हणून छापला की बचत फुगते. सुरुवातीच्या यादीत तर ८० लाख डॉलरचे एक कंत्राट आठ अब्जांचे म्हणून झळकले होते. नोकऱ्यांचे उलटे झाले. त्या सरकारी नोकरकपातीच्या आकड्यात आल्याच नाहीत, कारण कंत्राटी माणसाची नोकरी सांख्यिकीत खाजगी क्षेत्रात धरली जाते. थोडक्यात, बचत सरकारच्या खात्यात आणि बेकारी बाजाराच्या!

सरकारी नोकरांचेही त्या वर्षी हाल झाले, यात शंका नाही. पण त्यांच्याकडे निदान दारे होती. जानेवारीअखेर त्यांना राजीनामा देऊन सप्टेंबरपर्यंत पगार घेण्याचा पर्याय दिला गेला. पदकपातीसाठी पूर्वसूचना, सेवाज्येष्ठता, अपील मंडळ, संघटना आणि त्यांचे खटले होते. कंत्राटी माणसाला यातले काही लागू नाही. त्याच्यापुरते पाहिले तर सरकारने एका पुरवठादाराची ऑर्डर रद्द केली, एवढेच घडले.

आणि त्यातही जो घरून काम करत होता, त्याची गोष्ट आणखी निराळी. मार्च २०२०नंतर, करोनाच्या साथीत, ही कामे घरी गेली. वॉशिंग्टनच्या आसपासचे घरभाडे टाळून लोक कॅन्सस, आयडाहो, फ्लोरिडा अशा ठिकाणी राहायला गेले, काही जण आईवडिलांच्या गावी परतले. काम चालू राहिले, पगारही. अडचण अशी की अमेरिकेतल्या कामगारांच्या संरक्षणाचे बरेचसे कायदे जागेवर उभे आहेत. कारखाना, कचेरी, गाव, राज्य. आणि घरबसल्या काम करणाऱ्याला कायद्याच्या दृष्टीने जागाच नाही, किंवा आहे ती चुकीची.

१९८८चा ‘वॉर्न’ कायदा घ्या. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कंपनीने मोठी कपात करण्यापूर्वी ६० दिवसांची लेखी सूचना द्यावी, नाहीतर तेवढ्या दिवसांचा पगार. मोठी कपात म्हणजे एकाच ठिकाणची किमान ५० माणसे, आणि सहसा तिथल्या मनुष्यबळाचा किमान तिसरा हिस्सा. पोलादाचे कारखाने बंद पडत होते त्या काळचा हा कायदा आहे. भोंगा वाजणे बंद झाले की सगळे गाव रिकामे होते, हे चित्र त्यामागे होते. आता शंभर माणसे तीस राज्यांत आपापल्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून एकाच कंत्राटावर काम करत असतील, तर ‘एकच ठिकाण’ कोणते? कामगार खात्याच्या नियमांत फिरत्या विक्रेत्यांसाठी, बसचालकांसाठी, रेल्वे कामगारांसाठी एक तोड आहे. जिथून त्यांना काम सोपवले जाते किंवा जिथे ते जाब देतात, ते त्यांचे ठिकाण मानावे. घरून काम करणारेही यात बसतात, असा त्यांच्या वकिलांचा युक्तिवाद. काही न्यायालयांनी तो ऐकला, काहींनी नाही. ज्याला पुढच्या महिन्याचा हप्ता भरायचा आहे त्याने या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचे कसे, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात येत नाही.

बरे, ठिकाण सापडले तरी दुसरी पळवाट आहे. अचानक ओढवलेल्या परिस्थितीत सूचना कमी दिवसांची चालते, आणि अशा परिस्थितीचे नियमांतले पहिलेच उदाहरण आहे प्रमुख ग्राहकाने मोठे कंत्राट अनपेक्षितपणे रद्द करणे. २०१२ साली अर्थसंकल्पातल्या सरसकट कपातीचे सावट असताना लॉकहीड मार्टिनने बहुतेक कामगारांना आगाऊ सूचना पाठवू असे म्हटले होते. तेव्हा निवडणूक तोंडावर होती, आणि तशा सूचनांची गरज नाही, कपात होईलच हे नक्की कुठे आहे, असे कामगार खात्यानेच सांगितले. मला यातली गंमत ही वाटते की कंत्राट कधीही रद्द होऊ शकते हे कलम पहिल्या दिवसापासून लेखी असते, आणि तरी ते रद्द होणे ‘अनपेक्षित’ धरले जाते.

बेकारी भत्त्याचेही तसेच. तो राज्ये देतात, आणि जिथे माणूस प्रत्यक्ष बसून काम करतो ते राज्य देते. फ्लोरिडातल्या घरून न्यूयॉर्कच्या कंपनीचे काम करणाऱ्या एका महिलेने न्यूयॉर्ककडे भत्ता मागितला होता. २००३ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खुर्ची जिथे, काम तिथे, सबब न्यूयॉर्कचा संबंध नाही. आता फ्लोरिडाचा भत्ता पाहा. जास्तीत जास्त आठवड्याला २७५ डॉलर, आणि बेकारीचा दर कमी असेल तर १२ आठवडे. मॅसॅच्युसेट्समध्ये कमाल मर्यादा आठवड्याला हजार डॉलरच्या वर आहे. एकाच कंत्राटावर, एकाच हुद्द्यावर, एकाच सकाळी नारळ मिळालेल्या दोघांना चौपट फरकाने भत्ता मिळू शकतो, तो त्यांनी घर कुठे घेतले यावरून. स्वस्त घरासाठी दक्षिणेला गेलेल्याचा हिशेब इथे उलटतो.

व्हर्जिनिया-मेरिलँडच्या उपनगरांत मराठी कुटुंबे कमी नाहीत, आणि त्यांतल्या पुष्कळांचा चरितार्थ या कंत्राटांशी बांधलेला आहे. केंद्राच्या अनेक कामांना नागरिकत्व लागते, त्यामुळे तिथे बहुधा जुनी, नागरिक झालेली मंडळी. एच-१बी व्हिसावरची तरुण मुले अधिक आढळतात ती राज्य सरकारांच्या कामांवर, पोटकंत्राटदाराच्याही पोटात. गरिबांच्या मेडिकेड आरोग्य योजनेच्या संगणक प्रणाली हे त्याचे मोठे उदाहरण. राज्याचे काम म्हणायचे, पण नवी प्रणाली उभारण्याच्या खर्चातला ९० टक्केपर्यंत वाटा केंद्राचा. वर हात आखडता घेतला की झळ खाली पोहोचते. या मुलांच्या बाबतीत एक उफराटी गोष्ट आहे. नागरिक असलेल्या नोकराला कंपनी बिनपगारी घरी बसवू शकते. एच-१बीवाल्याला काम नाही म्हणून पगार न देणे बेकायदा आहे. कायदा त्याच्या बाजूचा, पण परिणाम असा की कंपनी त्याला थांबवून न ठेवता चटकन काढते. आणि काढल्या दिवसापासून नवा मालक शोधायला, व्हिसा बदलायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस. परतीच्या तिकिटाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो, हे पुष्कळांना माहीतच नसते आणि कंपनी आपण होऊन सांगेल याची खात्री नाही.

शेवटचा दिवस घरून काम करणाऱ्याचा कसा असतो? व्हिडिओवर दहा-पंधरा मिनिटांची बैठक, मग संगणकावरचे खाते बंद. सरकारी लॅपटॉप आणि ओळखपत्र परत पाठवायला खोके येते. आरोग्य विमा बहुधा महिनाअखेरपर्यंत. पुढे ‘कोब्रा’ कायद्याखाली तोच विमा १८ महिने चालू ठेवता येतो, पण आजवर कंपनी भरत होती तो वाटाही स्वतः भरायचा, वर दोन टक्के व्यवस्थापन खर्च. गोपनीय कामाची परवानगी असेल तर ती लाखमोलाची, पण ती माणसाच्या मालकीची नसते. कुणीतरी नोकरी देऊन पुढे केल्याखेरीज ती चालत नाही, आणि साधारण दोन वर्षे रिकामी गेली की पुन्हा पहिल्यापासून चौकशी. नवी कामे निघतात ती आता कार्यालयात येऊन करण्याची, कारण २० जानेवारीच्या आदेशाने सरकारी नोकरांना कचेरीत परत बोलावले आणि त्यांच्याबरोबर कंत्राटी माणसेही तिथेच हवीशी झाली. आयडाहोत घराचे कर्ज घेऊन बसलेल्याने वॉशिंग्टनजवळ खोली घ्यायची, की सरकारी काम सोडून गावातली मिळेल ती नोकरी धरायची, हा हिशेब त्या वर्षी हजारो घरांत मांडला गेला असणार.

२०२५च्या ऑक्टोबरात आणखी एक तडाखा बसला. अर्थसंकल्प अडल्याने सरकार ४३ दिवस बंद राहिले, तोवरच्या इतिहासातली सर्वांत लांब टाळेबंदी. त्याआधीची, २०१८-१९ ची, ३५ दिवसांची होती, आणि तिच्यातून एक कायदा निघाला होता. बंदच्या काळातला पगार सरकारी नोकरांना नंतर भरून मिळेल, असा. कंत्राटी माणसांना त्यात घेतलेले नाही. त्यांनाही तो मिळावा म्हणून २०१९ पासून संसदेत विधेयके मांडली जातात. त्यांतले एकही मंजूर झालेले नाही.